नळाच्या दिवशी कुलूप

खोली बघायला गेले तेव्हा आक्कांनी मला आधी गच्चीवर नेलं. खोली राहिली बाजूलाच. गच्चीवर काळी टाकी, अंगणात हौद, न्हाणीत पिंपं, स्वयंपाकघरात ओळीनं घागरी आणि खिडकीच्या कठड्यावर रिकाम्या बाटल्यांची रांग. सगळं दाखवून झालं आणि मग त्यांनी विचारलं, "पाण्याच्या दिवशी घरी असशील का?"

मी म्हटलं, "माझा क्लास असतो."

"क्लास रोज असतो. नळ रोज नसतो."

मी कंधार तालुक्यातल्या एका लहान गावची. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली पहिली, पुढं एम.एस्सी. झालेली पहिली. लातुरातल्या एका मोठ्या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला आले होते. हे मी कुणालाही ओळख झाल्याझाल्या सांगते, त्यात लाज कसली? आक्कांनाही सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "चांगलं हाय की. पण शिकलेलं माणूस पाणी लई सांडतं, बघ."

खोली मिळाली. नाव मात्र गेलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'कंधारवाली' झाले.

आक्का म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. माहेर निलंग्याकडचं, त्यामुळं बोलण्यात मधूनच कानडी शब्द, आणि 'करतोय'च्या जागी 'करू लालाय'. घाई करायची असली की "बेग बेग!" म्हणत टाळ्या वाजवायच्या. यजमान वारलेले, मुलगा पुण्याला. शाळेतून निवृत्त होताना शिक्षकांनी त्यांना शाल दिली होती. ती कपाटात गेली. त्यांनी स्वतःहून मागून घेतली ती शाळेची जुनी पितळी घंटा. ती जिन्याखाली टांगलेली. नळ आला की आक्का घंटा बडवायच्या. मी अंथरुणातून उठून, केस विंचरायच्या आत, बादली घेऊन रांगेत. रांगेत मी एकटीच, पण आक्कांच्या लेखी ती रांगच.

लातुरात नळ आठ-दहा दिवसांनी येतो. कधी लवकर, कधी उशिरा. बाहेरच्या माणसाला हे सांगून कळत नाही. इथं लोक लग्नाची तारीख काढतात आणि मग पाणी सोडणाऱ्या माणसाला गाठून विचारतात की त्या दिवशी आपल्या गल्लीला पाणी आहे का. पण आक्कांचं त्याहून वर होतं. पाण्याच्या दिवशी त्या उंबरा ओलांडत नसत. दवाखाना नाही, बारसं नाही, मयत नाही. आणि दिवस नक्की नसायचा म्हणून आदला दिवसही घरात आणि नंतरचाही घरातच. उरलेल्या दिवसांत त्या सोमवारी मूग, मंगळवारी मटकी करायच्या. बुधवारी काय, हे मला विचारू नका. मी अजूनही बुधवारी शेपूची भाजी खात नाही.

रोज संध्याकाळी देवळात जायच्या, एकाच वाटेनं. एकदा गटारीसाठी ती वाट खणली. आक्का खड्ड्यापर्यंत गेल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि घरी परत आल्या.

मी म्हटलं, "आक्का, पलीकडच्या गल्लीतून जायचं की."

"ती आपली वाट न्हाई."

"रस्ता सगळ्यांचाच असतो."

"असंल. देव कुठं जाऊ लालाय? खड्डा बुजल्यावर जाईन."

खड्डा बुजायला पावसाळा गेला. तोवर आक्का रोज खड्ड्यापर्यंत जायच्या, तिथूनच हात जोडायच्या आणि परत यायच्या.

मला त्यांचा राग यायचा. खरं सांगायचं तर त्यांच्यात मला माझा क्लास दिसायचा. तिथंही घंटा होती. कुठल्या मिनिटाला कुठलं समीकरण फळ्यावर यायचं तेही ठरलेलं. पोरं मान वर न करता उतरवून घ्यायची. घरी आले तरी घंटा. मला वाटायचं, या शहरात कुणी नुसतं उभं राहून आभाळाकडं तरी बघतं का?

बघणारं माणूस आलं ते नांदेडकडच्या नायगावहून. आक्कांची धाकटी बहीण, बेबीमावशी. साठी ओलांडली तरी बेबीच. एस.टी.तून उतरून रिक्षानं आली ती रिक्षावाल्याचं अख्खं खानदान विचारूनच. दारातच मला म्हणाली, "तू रसायन शिकवतीस म्हणं. मग सांग, मीठ पाण्यात टाकलं की जातं कुठं?"

मी क्लासमधलं उत्तर दिलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "ते झालं पुस्तकातलं. तुला तसं दिसलंय का कधी?" आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरात जाऊन पेल्यात मीठ टाकून, पेला उजेडाला धरून बसली. अगदी डोळ्याला लावून. मला वाटलं, वेडीच आहे. मग आक्कांनी तिच्या हातातला पेला हळूच काढून घेतला आणि मला दिसलं की पेला पकडताना तिचा हात आधी हवेतच चाचपडत होता.

काचबिंदू. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की एक डोळा गेला, तो परत येणार नाही. दुसरा औषधानं जेवढा टिकेल तेवढा टिकवायचा.

"नळीतून बघितल्यावानी दिसायलंय," बेबीमावशी म्हणाली. दुसऱ्याच कुणाचं तरी सांगावं तसं. "आक्के, नजर हाय तवर जरा फिरून घ्यायचंय मला. एकटीला जमंना. गाडीची पाटी वाचता येईना. सून म्हणते, 'म्हातारपणी काय बघायचं राहिलंय?' मी म्हटलं, सगळंच राहिलंय की बाई. तू चल माझ्यासंगं."

"कुठं?"

"कुठंबी."

"कुठंबी नावाचं गाव हाय का?"

"तेच तर बघायचंय!"

आक्का हसल्या नाहीत. हौदाचं झाकण नीट बसलं आहे की नाही ते बघायला गेल्या. बेबीमावशी मागोमाग. मी जिन्यात होते, सगळं ऐकू येत होतं.

"आक्के, हे पाणी येतं कुठून?"

"नळातून."

"नळात कुठून?"

"टाकीतून."

"अन् टाकीत?"

"धरणातून. बेबे, मी मुख्याध्यापिका होते. मला काय विचारू लालीस?"

"धरण बघितलीस?"

आक्कांनी झाकणाची कड पुन्हा चाचपली. किती वर्गांना त्यांनी नकाशावर छडी ठेवून सांगितलं असेल की मुलांनो, आपलं पाणी इथून येतं! शहरापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर असलेलं ते धरण त्यांनी बघितलेलं नव्हतं. तिथं सहलीही त्याच पाठवायच्या, दुसऱ्या बाईंबरोबर. कारण त्याच आठवड्यात नळ असायचा.

"बघू सवडीनं," शेवटी त्या म्हणाल्या.

"तुझ्याकडं सवड हाय, आक्के. माझ्याकडं न्हाई."

दुसऱ्या दिवशी बेबीमावशी नायगावला गेली आणि मग फोन सुरू झाले. आक्का फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडायच्या, त्यामुळं अख्ख्या जिन्याला ऐकू जायचं.

"कधी निघायलीस?"

"परवा नळ हाय. तो झाला की बघू."

पुढच्या खेपेला कुरडया घालायच्या होत्या. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा नळ.

"आक्के, तुझा नळ मेला न्हाई का अजून?"

"तोंड सांभाळ. आन् 'निघायलीस, करायलीस' काय लावलीस? नायगावला जाऊन माहेरची भाषाबी इसरलीस."

"भाषा दिसत न्हाई ना डोळ्यानं, ती राहील. बाकीचं चाललंय."

बेबीमावशी चेष्टेनंच बोलायची, पण फोन ठेवला की आक्का बराच वेळ एकच शेंग सोलत राहायच्या.

एका रविवारी मला सुट्टी होती. आक्का हौद घासत होत्या, मी वरून पाणी ओतत होते. मी फटकळ आहे. मनात ठेवून बोलायला मला जमत नाही. म्हटलं, "आक्का, एका बहिणीपेक्षा हौद मोठा झाला का?"

आक्कांनी ब्रश खाली ठेवला नाही. घासता घासताच बोलल्या.

"ज्या साली शहराला रेल्वेनं पाणी आलं, त्या साली ह्यांना लकवा झालेला. अंथरुणावरच सगळं. बेबीच्या पोरीचा साखरपुडा होता. मी म्हटलं, एक दिवस जाऊन येते. घरात बाई ठेवली होती बघायला. मी तिकडं जेवायला बसले, आन् इकडं नळ येऊन गेला. बाई दारात बोलत बसलेली. परत आले तर ह्यांना पुसायला तांब्याभर पाणी न्हाई घरात. गल्लीत मागायला गेले. त्या साली कोण देतंय?"

मी पाणी ओतायचं थांबले.

"ओत, ओत. बेग बेग," त्या म्हणाल्या. मग ब्रश कोपऱ्यात नेत, "ह्यांनी कायबी म्हटलं न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्यानंतर मी त्यांना नळावरून कधी टोमणा मारला नाही. पण बेबीमावशीची नजर कुणासाठी थांबणार होती? ती कमीच होत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि मी जिन्यात बसून दोन्हीकडं ओढली जात होते.

मग तो फोन आला. बेबीमावशीचा आवाज नेहमीसारखाच.

"काल तुझा फोटो काढून बघितला, आक्के. लग्नातला. तोंड दिसलं तर पदर दिसंना, पदर दिसला तर तोंड दिसंना. तुला तुकड्यातुकड्यानं बघितलं. मग सगळे तुकडे मनात जोडले. बराच वेळ लागला."

आक्कांनी "ठेवते" म्हणून फोन ठेवला. त्या दुपारी त्या बसल्याच नाहीत. अंगणात गेल्या, आत आल्या, घागरींची तोंडं पुसली, पुन्हा पुसली. गच्चीवर गेल्या. मी विचारलं, "काही पाहिजे का?" तर म्हणाल्या, "काय पाहिजे तेच बघू लाले."

दुसऱ्या दिवशी गल्लीचा पाण्याचा दिवस होता. सकाळी घंटा वाजली नाही, म्हणून मला जाग आली. खाली आले तर आक्का नेसून तयार, खांद्याला पिशवी. दाराला कुलूप घालत होत्या. नळाच्या दिवशी त्या दाराला कुलूप मी पहिल्यांदाच बघत होते. समोरची शेजारीण झाडू हातात धरून उभीच राहिली.

"आक्का, आज नळ..."

"माहीत हाय." त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "आला तर भर. न्हाई भरलंस तरी मी इचारणार न्हाई." दोन पावलं गेल्या, परत वळल्या. मला वाटलं, आता राहतात. "हौदाचं झाकण जड हाय. एकटीनं उचलू नगंस," असं म्हणून गेल्या.

मी क्लासला सुट्टी टाकली. नळाखाली बादली लावून उंबऱ्यात बसले. शेजारी अर्ध्या तासानं विचारायचे, "आला का?" मी उठायची, तोटी पिळायची, कान लावायची, परत बसायची. ना पुस्तकात लक्ष, ना जेवणात. आत गेलं की वाटायचं बाहेर आवाज आला, बाहेर आलं की काहीच नाही. एका दिवसात माझा जीव मेटाकुटीला आला. ही बाई इतकी वर्षं अशी बसलेली!

नळ आलाच नाही. कुठंतरी पाइप फुटला होता म्हणे.

दोन-तीन दिवसांनी आक्का परत आल्या. चपला पांढऱ्या मातीनं भरलेल्या, नाक उन्हानं सोललेलं. मी म्हटलं, "आक्का, पाणी आलंच नाही." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी भलत्याच गावाची बातमी सांगत होते. मग हसायला लागल्या. इतक्या की जिन्याला धरून खालीच बसल्या.

"बघ की! मी न्हाई म्हणल्यावर तोबी आला न्हाई!"

दोघी धरणावर गेल्या होत्या. आक्का सांगत होत्या आणि एका जागी बसून सांगणं त्यांना जमत नव्हतं. ताटात पोळी तशीच आणि त्या उभ्या. "एवढं पाणी! आधी रडू आलं. मग राग आला. कंधारवाले, तिथं म्हशी डुंबू लालत्या आपल्या पाण्यात! आन् आपण इथं फडकं लावून गाळू लालोत! बेबी म्हणते, 'आक्के, म्हशी किती हाईत?' मी म्हटलं, 'लई हाईत.' तर म्हणते, 'लई म्हंजी काय? नीट बघून सांग. त्यातली एखादी पांढऱ्या कपाळाची हाय का?' मी बघितलं. होती! तिनं इचारलं नसतं तर... मी बघितलंच नसतं की गं."

त्यानंतर आक्का अगदी बदलून गेल्या असं मी म्हणणार नाही. माणूस असा बदलत नसतो. मंगळवारी मटकी राहिली. घंटाही राहिली. पण पायाला भिंगरी लागली ती लागलीच. देवळाला निघायच्या आणि मुद्दाम नव्या गल्लीत शिरायच्या. एकदा अंधार पडायला आला तरी आल्या नाहीत म्हणून मी शोधायला निघाले, तर दोन गल्ल्या पलीकडं एका पिंजारी चाचांच्या दुकानात खुर्ची टाकून बसलेल्या. चाचा कापूस पिंजत होते आणि आक्कांच्या डोक्यावर, पापण्यांवर, सगळीकडं कापूस.

"बाईको समझाव बेटी," चाचा मला म्हणाले, "गादी बनवायची न्हाई, रजई न्हाई, नुसतं बघायचं म्हणतात. दोन डाव चहा झाला."

आक्का म्हणाल्या, "इतकी वर्षं इथं राहू लाले आन् हे दुकान ठाऊक न्हाई मला. चाचांचं पोरगं माझ्याच शाळेत होतं!"

घरी आल्याआल्या नायगावला फोन. कापूस कसा उडतो, आवाज कसा येतो, सगळं. पलीकडून प्रश्नांवर प्रश्न. जिथं उत्तर नसायचं तिथं आक्का म्हणायच्या, "थांब, उद्या बघून सांगते," आणि दुसऱ्या दिवशी खरंच बघायला जायच्या. महिन्यातून एकदा नायगावला जाऊन बेबीमावशीला घेऊन निघायच्या. स्टँडवर जी गाडी लागलेली असेल तिच्यात बसायचं, आवडलं तिथं उतरायचं. मात्र कुठल्याही गावात उतरल्यावर आक्कांचा पहिला प्रश्न एकच: "तुमच्याकडं नळ किती दिवसाला येतो?"

गल्लीत बोलणं झालंच. म्हातारपणी पाय फुटले म्हणे. पुण्याहून मुलाचा मला फोन आला, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, आईला समजवा. वय आहे का हे?" मी म्हटलं, "साहेब, मी शिकलेली आहे म्हणूनच समजावणार नाही. तुम्हीच एकदा येऊन त्यांच्याबरोबर फिरा." तो रागावला. रागावू दे. फोन आला होता हे मी आक्कांना सांगितलं, तर म्हणाल्या, "त्याचं बरोबर हाय. मलाबी भ्याव वाटतं. गाडी सुटली की नळ आला असंल, असं वाटतं. पर बेबी हात धरून बसलेली असती. हात सोडवून उतरता येत न्हाई."

पुढं मला नांदेडला कॉलेजात नोकरी लागली. खोली सोडताना आक्कांनी खणानारळानं ओटी भरली आणि वर एक बाटली पाणी दिली. "नांदेडला गोदावरी हाय, तुला काय कमी? पर राहू दे."

नंतर फोन व्हायचे. कमी कमी होत गेले. एवढं कळलं की बेबीमावशीचा दुसरा डोळाही गेला. आक्का फोनवर त्याबद्दल फार बोलल्या नाहीत. मला वाटलं, फिरणं थांबलं असेल. आता काय बघायचं!

गेल्या हिवाळ्यात गावाकडं निघाले होते. नांदेडहून कंधारची गाडी. गर्दीत मागं जागा मिळाली आणि बसल्यावर दिसलं, माझ्या पुढच्याच बाकावर आक्का. खिडकीशी त्या, अलीकडं काळा चष्मा लावलेली बेबीमावशी. दोघींचे हात एकमेकींत. हाक मारणार होते, पण बोलणं ऐकू आलं आणि थांबले.

"आता काय हाय?"

"शेत."

"नुसतं शेत म्हणू नको."

"पिवळं शेत. जरा केशरीबी हाय मधी."

"पिवळं म्हंजी काय? सूर्यफूल?"

"न्हाई, बुटकं हाय. बारकं फूल हाय."

"मग मोहरी?"

"मोहरी नसंल... थांब, गाडी पळू लाली, नीट दिसंना."

ती करडई होती. मला लांबूनच कळलं होतं. शेतकऱ्याची पोर आहे मी. तोंडापर्यंत शब्द आला होता. मी ओठ दाबून धरले.

आक्का उठल्या. "ओ कंडक्टर, घंटी मारा! उतरायचंय."

"मावशी, इथं गाव न्हाई."

"गाव नगंच हाय. शेत पाहिजे."

गाडीतली माणसं हसली. घंटी वाजली, गाडी थांबली. आक्का बहिणीला धरून पायरी पायरीनं उतरवत होत्या तेव्हा त्यांची नजर माझ्यावर पडली. "अगं, कंधारवाली!" एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "आक्का, लातुरात नळ कधी आहे?"

"असंल आज-उद्या," त्या म्हणाल्या. "बेबे, पाय दे. बेग बेग."

गाडी निघाली. मी मागच्या काचेला तोंड लावून बघत राहिले. दोघी बांधावर. आक्का वाकल्या, फुलाला हात घातला आणि चटका बसावा तसा झटकन मागं ओढला. करडईला काटे असतात. बोट तोंडात धरून त्या हसायला लागल्या. मग त्यांनी बेबीमावशीचा हात आपल्या हातात घेतला, बोटं सरळ केली आणि अगदी सावकाश त्या काट्यावर नेऊन टेकवली.